भिंतींतलें फडताळ आणि मापाचें कपाट

कपाट हा शब्द आपण रोज उच्चारतों. पण त्याचा मूळ अर्थ फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी. हिमालयांतील बदरीनाथाचे 'कपाट उघडले' असें उत्तरेकडील भाविक आजहि म्हणतात, तेव्हां त्यांच्या मनांत देवळाचें दारच असतें. मराठींत मात्र दाराचें हें नांव दारामागील पोकळीला चिकटलें आणि शेवटीं त्या सबंध वस्तूचेंच नांव होऊन बसलें. हा अर्थाचा पालट मला फार बोलका वाटतो. आमच्या जुन्या घरांत कपाट ही उचलून इकडून तिकडे नेण्याची वस्तु नव्हती. भिंतींत एक पोकळी, तिच्यांत दोन-तीन फळ्या आणि पुढें दार, एवढेंच तिचें रूप होतें; आणि त्या रूपांत डोळ्यांना दिसे तें दारच.

आज कोल्हापुरांत कोणी नवी सदनिका घेतली कीं पहिल्या सहा महिन्यांत घरांत एक चर्चा हटकून चालते. कपाटें दुकानांतून तयार आणावयाचीं, कीं मापाप्रमाणें करून घ्यावयाचीं? करून घ्यावयाचीं तर सुतार घरीं बसवावयाचा, कीं कारखान्याकडे मागणी नोंदवावयाची? यांत लाखांनीं रुपये खर्च होतात, आणि ते खर्च करणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित माणसांस आपण नक्की काय विकत घेत आहों याची माहिती नसते. मापाचें कपाट ही अलीकडची चैन आहे अशी एक समजूत आहे. इतिहास पाहिला तर प्रकार उलटा दिसतो. मापाप्रमाणें करून घेणें हीच आपली मूळची रीत, आणि तयार कपाट ही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील नवलाई. या मधल्या काळांत फळीच्या आंत काय आहे याचें ज्ञान मात्र घरधन्याच्या हातून निसटलें. तें कसें निसटलें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

जुन्या वाड्याची भिंत दोन-तीन फूट जाड असावयाची. खालीं दगडी जोतें, वर विटांचें किंवा पांढऱ्या मातीचें काम, आणि माळवदाचा वा छपराचा भार वाहण्यासाठीं भिंतीच्या पोटांत उभे केलेले लांकडी खांब. एवढी जाडी नुसती वाया घालविणें आपल्या पूर्वजांस रुचलें नाहीं. भिंत चढत असतांनाच तींत पोकळ्या राखून ठेवीत. दिवा ठेवावयास देवळी, पळी-पंचपात्र किंवा अडकित्ता ठेवावयास कोनाडा, धान्यासाठीं बळद, आणि ज्याला चौकट, फळ्या व दार आहे तें फडताळ. फडताळाची चौकट भिंतीबरोबरच बसे. म्हणून गवंडी आणि सुतार यांचें काम एकाच वेळीं चाले. कोणतें फडताळ कोठें व किती उंचीवर पाहिजे हें घरांतील वडील बायका सांगत, कारण वापरावयाचें त्यांनाच असे. दाराला पुष्कळदां लोखंडी बिजागरी नसे. फळीच्याच टोकाला राखलेला खुंट वरच्या आणि खालच्या पट्टीच्या भोकांत फिरे. बिजागरी, चावी आणि अलमारी हे तिन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले आहेत. दारें बसविण्याच्या नव्या रीतीला कोणत्या किनाऱ्यावरून वाट मिळाली असेल, याची त्यावरून कल्पना करावी.

या फडताळाचा एक गुण मी माझ्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञानाच्या तासाला सांगत असें. त्याची रुंदी क्वचितच अडीच-तीन फुटांहून जास्त असे. भिंतीला त्याहून मोठें भगदाड पाडलें तर वरचें काम खचेल, ही भीति. पण त्यामुळें आंतील फळी आपोआप आंखूड राहिली, आणि म्हणून शंभर शंभर वर्षें पितळी भांड्यांचा भार वाहूनहि ती वांकली नाहीं. फळीवर सारखा भार पसरला असेल आणि तिची लांबी दुप्पट केली, तर तिचा वांक दुप्पट होत नाहीं, सोळा पट होतो. आजच्या दिवाणखान्यांत पांच-पांच फूट लांबीच्या, मध्यें टेकू नसलेल्या पुस्तकांच्या फळ्या मोठ्या हौसेनें बसविलेल्या मी पाहतों, आणि दोन वर्षांत त्यांना झोळीचा आकार आलेलाहि पाहतों.

फडताळाचें नुसतें कौतुकच करावयाचें कारण नाहीं. तें अंधारें असे. मातीच्या भिंतींतून वाळवी सरळ आंत येई. पश्चिमेच्या भिंतींतील फडताळांत श्रावणांत कपडे ठेवले तर त्यांना बुरशीचा वास येई, आणि घरांतील मुलांना हात घालण्यापूर्वीं विंचू आहे कीं काय तें पाहावें लागे. परंतु या साऱ्या दोषांवर उपाय एकच होता, आणि तो घरधन्याला ठाऊक होता. तो म्हणजे योग्य लांकूड निवडणें.

कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी-दाजीपूर, गगनबावडा, आजरा, चंदगड असा जंगलांचा पट्टा असल्यामुळें येथील माणसाला लांकडाची पारख घरबसल्या होत असे. चौकटीला आणि दाराला साग. ऐपत असेल तर शिसव. घाटमाथ्याकडे आणि कोंकणांत फणस. त्याचा पिवळा रंग पुढें तांबूस होतो आणि देवघराला तो फार शोभतो. तुळयांना किंजळ, ऐन. पाण्याशीं संबंध येईल तेथें जांभूळ. बाभूळ नांगराला व गाडीला. आंब्याची फळी स्वस्त; ती खोक्याला चालते, पण तिला कीड लौकर लागते, हें लहान मूलहि जाणे. सागाचाहि गाभा तेवढाच टिकाऊ. त्याच्या आंतील तेलकट द्रव्यामुळें वाळवी त्याला सहसा तोंड लावीत नाहीं. पण सालीलगतच्या पांढरट भागाला हें संरक्षण नसतें. 'सागवानी' म्हणून विकलेल्या फळींत हा पांढरा भाग किती आहे, तें पाहण्याची संवय आतां गेली आहे.

या लांकडाचा विचार आपल्याकडे केवढ्या गांभीर्यानें होत असे याची साक्ष करवीर राज्याच्याच एका ग्रंथांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास करवीरकर संभाजीराजांसाठीं आज्ञापत्र लिहिलें. त्यांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाविषयीं नियम आहेत. सागवान, शिसव वगैरे राज्याच्या अरण्यांतून परवानगीनें तोडावें, कमी पडेल तें बाहेरून विकत आणावें, असें अमात्य सांगतात. आंबा-फणसाचीं झाडें आरमाराला उपयोगी पडतील हें त्यांना मान्य आहे. पण त्यांना हात लावूं नये असें ते बजावितात. कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, आणि रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें. राज्यकारभाराच्या ग्रंथांत झाडाच्या वयाचा आणि झाड लावणाराच्या मनाचा एवढा विचार आढळावा, याचा आपणां करवीरकरांस अभिमान वाटला तर तो गैर म्हणतां येणार नाहीं.

लांकूड घरधनी वखारींतून स्वतः निवडून आणी, आणि तें वर्ष-दोन वर्षें सावलींत रचून ठेवी. नुकतेंच तोडलेलें लांकूड वाळतांना आकसतें व पिळवटतें. हा आकसण्याचा उद्योग त्यानें कपाट होण्यापूर्वींच आटोपून घ्यावा, अशी ती युक्ति. मग सुतार येई. खेड्यांतील सुतार हा बारा बलुत्यांपैकीं एक. शेतीच्या अवजारांबद्दल त्याला सुगीच्या वेळीं धान्याचा वांटा मिळे. घराचें काम त्याहून वेगळें, त्याची मजुरी निराळी ठरे. शहरांत तो रोजावर येई आणि ओसरीवर ठाण मांडून महिनेच्या महिने काम करी. वाकस, रंधा, करवत, पटाशी, किकरें, सामता आणि गुण्या एवढ्यांत त्याचा संसार. माप गजाचें, एका गजाचे चोवीस तसू. खिळा तो होतां होईल तों टाळी. एका लांकडाची कूस काढून ती दुसऱ्याच्या भोकांत ठोकून बसवी, आणि लागलाच तर सरस वापरी. दाराची मधली फळी तो चौकटीच्या खांचेंत सैल ठेवी, तिला सरस लावीत नसे. फळी पावसाळ्यांत रुंदावते आणि उन्हाळ्यांत आकसते, तिला हलावयास जागा पाहिजे, हें त्यानें पुस्तकांत वाचलें नव्हतें. महत्त्वाची गोष्ट अशी कीं हें सगळें काम घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत चाले. ओसरीवर अभ्यास करणाऱ्या मुलालाहि कोणती फळी कोठें गेली तें सांगतां येई.

आतां फडताळाची खोली पाहा. फूट-सव्वाफूट एवढीच ती असे, आणि तेवढी पुरे. कारण आपलें वस्त्र घडीचें. धोतर, उपरणें, लुगडें, शालजोडी, सर्व कांहीं घडी घालून ठेवावयाचें. नेहमींचे कपडे दांडीवर किंवा खुंटीवर. कागदपत्र रुमालांत बांधलेले, पोथ्या आडव्या आणि कापडांत गुंडाळलेल्या. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी राज्याबरोबर कोट आला. कोट घडीचा नव्हे. तो खांद्यावर टांगावा लागतो, आणि माणसाच्या खांद्याएवढी रुंद जागा मागतो. दोन फूट खोलीचें कपाट घरांत शिरलें तें या कोटामुळें. तीच गोष्ट पुस्तकाची. पोथी निजते, बांधीव पुस्तक उभें राहतें आणि आपल्या पाठीवरील नांव दाखवितें. म्हणून त्याला कांचेचें दार पाहिजे. कोल्हापुरांत १८५० मध्यें जें ग्रंथालय निघालें तेंच पुढें करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें प्रसिद्धीस आलें. अशा संस्थांमुळें कांचेचीं उभीं कपाटें सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आलीं आणि मग वकिलांच्या, शिक्षकांच्या घरीं गेलीं. मेजर मँट यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळांत येथें नवा राजवाडा उभा राहिला, आणि सामानाचा नवा थाट संस्थानच्या राजधानींत सर्वांना दिसूं लागला. १८९१ मध्यें मिरज-कोल्हापूर आगगाडी सुरू झाली. आतां अवजड कपाट मुंबईहून आणणें शक्य झालें, आणि लांकूडहि दूरदेशींचें येऊं लागलें.

या दूरदेशींच्या लांकडांत बर्मा सागाची कीर्ति सर्वांत मोठी. आमच्या वडिलांच्या पिढींत 'अस्सल बर्मा टीक' म्हटलें कीं बोलणें खुंटे. त्या लांकडामागें एका राज्याचा अंत आहे, हें मात्र थोड्यांना ठाऊक असतें. मुंबईंत १८६३ मध्यें स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशाच्या राजाच्या जंगलांत सागाचे ओंडके तोडी. १८८५ मध्यें राजदरबारानें असा ठपका ठेविला कीं कंपनीनें जकात भरली त्याहून पुष्कळ जास्त ओंडके नेले. आणि जबर दंड ठोठावला. इंग्रज सरकारला निमित्त हवेंच होतें. त्या नोव्हेंबरांत फौजा निघाल्या, मंडाले पडलें, आणि १ जानेवारी १८८६ रोजीं ब्रह्मदेश इंग्रजी राज्यास जोडला गेला. पदच्युत थिबा राजाला आणून ठेविलें तें आपल्या शेजारीं, रत्नागिरीस. तेथें १९१० मध्यें त्याच्यासाठीं राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्यें तेथेंच त्याला मरण आलें. घाटाच्या खालीं हा राजा खिडकींतून समुद्र पाहत दिवस कंठीत होता, आणि त्याच्या देशाच्या सागाचीं कपाटें मुंबई इलाख्यांतील घराघरांत मिरवत होतीं.

लांकडाला पहिला प्रतिस्पर्धी मिळाला तो पोलादाचा. अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ मध्यें मुंबईंत कुलुपें करण्यास आरंभ केला, पुढें तिजोऱ्या केल्या, आणि १९२३ पासून त्यांच्या कारखान्यांत पोलादी कपाटें होऊं लागलीं. वाळवी नाहीं, बुरशी नाहीं, चोराला सहज फुटत नाहीं. लग्नांत मुलीला भांड्यांबरोबर 'गोदरेजचें कपाट' देण्याची चाल आपल्याकडे पडली. इतकी, कीं दुसऱ्या कारखान्याच्या कपाटालाहि लोक तेंच नांव देऊं लागले. या कपाटांत लपविलेलें कांहीं नव्हतें. तो पत्रा आहे हें बोटानें वाजवून कळे. पण येथें एक गोष्ट प्रथमच झाली. कपाट घराच्या मापाचें राहिलें नाहीं. घरानें कपाटाला जागा करून द्यावयाची, असा रिवाज पडला.

दुसरा प्रतिस्पर्धी लांकडाच्याच पोटीं जन्मला. ओंडक्याचा पातळ पापुद्रा सोलावयाचा, एका थराची नस उभी तर दुसऱ्याची आडवी, असे विषम संख्येचे थर चिकटवून दाबावयाचे, म्हणजे झालें प्लायवूड. आपल्या देशांत याचा पहिला मोठा गिऱ्हाईक आसामांतील चहा. चहाच्या पेट्यांसाठीं त्याचे कारखाने निघाले. ही वस्तु हलकी नव्हे, हें मी मुद्दाम सांगतों. नसा परस्परांना अडवीत असल्यामुळें चांगलें प्लायवूड ना फुगत ना पिळवटत, आणि मोठ्या दाराला तें साध्या फळीपेक्षां सरस ठरतें. पण त्याचें पोट झांकलेलें असतें. वर एक देखणा पापुद्रा, त्यावर सनमायका. आंत काय आहे तें करणारा जाणे. सनमायकाच्या जातीचा हा पत्रा प्रथम कपाटासाठीं केलेलाच नव्हता. १९१३ च्या सुमारास अमेरिकेंत विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजीं वापरण्याकरितां तो निघाला; फॉर्मायका या नांवाचा अर्थहि 'अभ्रकाच्या बदलीं' असाच आहे.

पुढें १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि परवाना नसलेल्या लांकूड-गिरण्या बंद करविल्या. जंगलांच्या दृष्टीनें ही गोष्ट इष्टच झाली. त्यानंतर प्लायवूडच्या पोटांत रानांतील लांकडाऐवजीं शेतांत लावलेला नीलगिरी आणि उत्तरेकडील पॉपलर येऊं लागला. हरियाणांतील यमुनानगर त्याच्यासाठीं प्रसिद्ध आहे. म्यानमारनेंहि १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्हणून आज कोणी 'बर्मा टीक' म्हणून फळी दाखविली तर ती केव्हांची व कोठची, हें विचारावयास संकोच करूं नये. आफ्रिकेंतील व दक्षिण अमेरिकेंतील लागवडीचा सागहि आपल्याकडे येतो. तो साग खरा, पण कोंवळा.

याहून खालची पायरी भुशाच्या व चिपांच्या फळीची. लांकडाचे बारीक तुकडे गोंदांत कालवून दाबले कीं ती होते. उसाच्या चिपाडापासूनहि ती करतात, आणि साखरेच्या कारखान्यांनीं वेढलेल्या आपल्या जिल्ह्याला त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. कोरड्या खोलींत, हलक्या कामाला ती वाईट नव्हे. प्रश्न पाण्याचा आहे.

आणि कोल्हापुरांत पाण्याचा प्रश्न पुस्तकी नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा-पातळी ३९ फूट, धोका-पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. २०२१ च्या जुलैंत ५६ फुटांच्या आसपास. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी या भागांतील घरांतून तें अनेक दिवस ठाण देऊन होतें. २०१९ चा पूर ओसरल्यावर एका स्नेह्यांच्या घरीं चिखल काढण्यास मी गेलों होतों. तीन वर्षांपूर्वीं मोठ्या रकमेस करून घेतलेला त्यांचा स्वयंपाकघरांतील कपाटांचा संच चहांत बुडविलेल्या खारीसारखा झाला होता. फळी बोटानें दाबली कीं भुसा हातीं येई; बिजागऱ्यांचे स्क्रू नुसते ओढून निघाले. विकणारानें त्यांना 'वॉटरप्रूफ' असा शब्द दिला होता, आणि तो शब्द वरच्या पत्र्यापुरता खराच होता. त्याच घरांत त्यांच्या पाडलेल्या वाड्यांतून आणलेलीं दोन फडताळाचीं दारें देवघराला बसविलेलीं होतीं. तींहि तितकेच दिवस पाण्यांत. त्यांचा चिखल धुतला, सावलींत दोन महिने वाळूं दिलीं, आणि तीं पुन्हां लागूं लागलीं. घरच्या माउलीनें तीं दारें पुसतांना एक शब्द काढला नाहीं. पण स्वयंपाकघराकडे पाहून त्या रडल्या.

याचें कारण गूढ नाहीं. सागाची फळी पाण्यानें रुंदावते आणि वाळली कीं पूर्वस्थितीवर येते. चिपांची फळी दाबून बसविलेली असते. गोंदानें पकड सोडली कीं प्रत्येक तुकडा फुगतो, आणि तो परत दबत नाहीं. म्हणून खरा प्रश्न गोंदाचा. युरियाचा गोंद स्वस्त, पण ओलाव्याला भितो. फिनॉलचा गोंद उकळत्या पाण्यालाहि दाद देत नाहीं. भारतीय मानकांत सर्वसाधारण प्लायवूडचा क्रमांक आय. एस. ३०३ आणि जहाजी प्लायवूडचा आय. एस. ७१०. दुसऱ्याच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यांत ठेवूनहि थर सुटतां कामा नयेत, असा दंडक आहे. मोरीजवळ आणि भांडीं घासण्याच्या जागेखालीं याच जातीचें लांकूड असावें. नव्या कपाटाचें दार उघडतांच डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो बहुधा युरियाच्या गोंदांतून सुटणाऱ्या वायूचा. लहान मुलांच्या खोलींत असें कपाट असल्यास तें कित्येक आठवडे उघडें ठेवून वारा खेळूं द्यावा.

स्वयंपाकघराच्या संचाची कथाहि दूरची आहे. १९२६ मध्यें मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुकार बाईंनीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं एक आटोपशीर स्वयंपाकघर आंखलें, आणि तसलीं सुमारें दहा हजार बसविलीं गेलीं. बाईची पावलें वाचावीं, हा त्यामागील हेतु. पिठासाठीं त्यांनीं ओक लांकडाचा खण नेमला, कारण त्यांतील तुरट द्रव्यानें किडे दूर राहतात. आपल्या आज्या धान्यांत कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे घालीत, तीच ही बुद्धि. आपलें जाळीचें कपाट आठवा: चहूंकडून वारा, आणि मुंग्या चढूं नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत. त्या कपाटाला वायुवीजनाचा धडा कोणी शिकविला नव्हता. आजच्या बंदिस्त खणांत कांदे-बटाटे ठेवून ते कुजले म्हणजे आपणांस त्याची आठवण होते.

आतां 'मॉड्युलर' या शब्दाविषयीं थोडें. पुष्कळांना तो 'मापाप्रमाणें' याचा इंग्रजी प्रतिशब्द वाटतो. त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. कारखाना ठराविक रुंदीचीं खोकीं करतो, तीं शेजारीं शेजारीं मांडतो, आणि उरलेली फट पट्टीनें झांकतो. काम सुबक आणि झटपट होतें, हें मान्य. पण आपल्या भिंती क्वचितच काटकोनांत असतात, आणि ओट्याची उंची तर माणसामाणसाला वेगळी पाहिजे. जी व्यक्ति रोज स्वयंपाक करते तिच्या कोपरापासून सुमारें अर्धी वीत खालीं ओटा असावा. हें माप घेतल्याशिवाय आराखडा पुढें ठेवणाऱ्या माणसाला, तो कितीहि रंगीत असला तरी, परत पाठवावें.

भावाचीहि एक गोम आहे. सुतारकामाचा दर समोरच्या दर्शनी चौरस फुटावर सांगतात. त्यांत खण किती, बिजागऱ्या कोणत्या, पाठीची फळी किती जाड, आंतून रंग आहे कीं नाहीं, हें आलें कीं वगळलें तें लेखी घ्यावें. प्लायवूडची गाडी दारांत येईल तेव्हां घरचें माणूस हजर असावें. पत्रा चिकटण्यापूर्वीं प्रत्येक फळीवरील मानकाचा शिक्का आणि कडेचे थर पाहून घ्यावे. थरांत पोकळी दिसली तर ती फळी बाजूला काढावी. पूरक्षेत्रांत राहणारांनीं तळमजल्यावर भिंतीला खिळलेलीं कपाटें करूंच नयेत असें माझें मत आहे. तेथें दगडी किंवा विटांचे कप्पे बांधून त्यांना फक्त काढतां येण्याजोगीं दारें लावावीं. फडताळ तरी दुसरें काय होतें? जुने वाडे पाडणारांच्या वखारींत सागाच्या तुळया आणि दारें अजून मिळतात. त्यांतील खिळे नीट काढून घेतले तर शंभर वर्षें वाळलेलें तें लांकूड नव्या सागाहून स्थिर असतें.

बाहेरच्या भिंतीला पाठ लावून कपाट करावयाचें असेल तर मागें बोटभर अंतर राखावें आणि पाठीच्या फळीला वर-खालीं भोकें ठेवावीं. नव्या घराचा गिलावा पुरता वाळल्याशिवाय कामाला हात घालूं नये. सागाचीं दारें असतील तर तीं आषाढांत घट्ट होणारच. सुतार रंधा मारतो म्हणेल, पण त्याला कार्तिकापर्यंत थांबवावें. आषाढांत रंधलेल्या दाराला माघांत फट पडते. तोंवर आमच्या शाळेंतील जुना शिपाई करी तसें करावें. दाराच्या कडेला मेणबत्तीचा तुकडा चोळावा, म्हणजे तें निमूटपणें लागतें.